छतावरचं ऊन आणि लाइट बिल



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वर्षातलं सगळ्यात मोठं लाइट बिल कधी येतं, ते तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मेचं येतं. आणि ते हातात पडतं नेमकं मृगाच्या तोंडावर, जेव्हा घरातला पैसा बियाणं-खतात गेलेला असतो आणि पोरांच्या वह्या-पुस्तकांची यादी भिंतीला टाचलेली असते. कापसाचा पैसा संपलेला, सोयाबीनचा यायचा आहे, आणि कूलर तर बंद करता येत नाही. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकला असताना म्हाताऱ्या माणसाला आणि लेकराला कूलरशिवाय झोपवणार कसं?

म्हणूनच गेल्या काही महिन्यांत गटाच्या बैठकांमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतो आहे. छतावर सोलर लावावं का? टीव्हीवर जाहिरात दिसते, गावात एजंट येतो, शेजारणीच्या स्लॅबवर निळे-काळे पॅनल चढलेले असतात. आजच्या बोलण्यात आम्ही त्याचं सरळ हो किंवा नाही असं उत्तर देणार नाही. उत्तर तुमच्या घरीच आहे, त्या डब्यात किंवा खिळ्याला अडकवलेल्या जुन्या बिलांमध्ये. ती बिलं कशी वाचायची आणि त्यावरून काय ठरवायचं, ते सांगतो.

महावितरणचं बिल आपण बहुतेक जणी दोनच गोष्टींसाठी बघतो, रक्कम किती आणि शेवटची तारीख कोणती. पण त्याच कागदावर मागच्या महिन्यांचा वीज वापरही छापलेला असतो, महिनावार, युनिटमध्ये. तो खरा कामाचा भाग. एक वही घ्या आणि बारा महिन्यांचे आकडे खाली खाली लिहून काढा. रुपये नाही, युनिट लिहायची. पोरगी आठवी-नववीत असेल तर तिला बसवा, ती पाच मिनिटांत करील.

आता युनिटला भाव कसा लागतो ते बघू. किराणा जास्त घेतला तर दुकानदार थोडा भाव कमी करतो. विजेचं उलटं आहे. पहिली शंभर युनिट स्वस्त, शंभराच्या पुढची तीनशेपर्यंत महाग, त्याच्या पुढची आणखी महाग. २०२४-२५ च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटसाठी वीज आकार होता ४ रुपये ७१ पैसे आणि १०१ ते ३०० साठी १० रुपये २९ पैसे. म्हणजे दुपटीहून जास्त. त्यावर प्रत्येक युनिटला वहन आकार १ रुपया १७ पैसे आणि वर १६ टक्के वीज शुल्क. हे सगळं धरलं तर शंभराच्या आतलं युनिट आपल्याला पावणेसात रुपयांच्या थोडं वर पडतं, आणि शंभराच्या पुढचं जवळपास सव्वातेरा रुपयांना. इंधन समायोजन आकार लागला तर तो वेगळा. दर बदलत राहतात, तेव्हा हिशेब करताना आपल्या ताज्या बिलावरचेच आकडे घ्या. पण पायरी तीच राहते, शंभराची. ही पायरी ज्या महिन्यात ओलांडली, त्या महिन्यात बिल एकदम फुगतं. मेचं बिल डिसेंबरच्या तिप्पट-चौपट का येतं, याचं कारण नुसता कूलर नाही. कूलरने ओढलेली युनिट महागाच्या पायरीवर पडतात, हे त्याचं कारण.

शिवाय बिलात स्थिर आकार असतो, महिन्याला साधारण एकशेतीस रुपये. तो तुम्ही घर बंद करून मुलीकडे गेलात तरी लागतो, आणि सोलर लावलं तरी लागतो. ‘बिल शून्य होईल’ असं सांगणारा भेटला की त्याला पहिला प्रश्न स्थिर आकाराचा विचारा. तो कसं उत्तर देतो, त्यावरून माणूस कळतो.

सोलरकडे जाण्याआधी घरात वीज खातं कोण, ते बघायला हवं. वॅटला तासांनी गुणायचं आणि हजाराने भागायचं, की युनिट निघतं. आपला मोठा पत्र्याचा कूलर पंखा-पंप मिळून दोनशे वॅटच्या आसपास घेतो. बारा तास चालला तर दिवसाला जवळपास अडीच युनिट, महिन्याला सत्तर-पंचाहत्तर. तो एकटाच तुम्हाला शंभराच्या पायरीपाशी नेऊन उभा करतो. एक एचपीची बोअरची मोटर तासाला साधारण एक युनिट खाते. टाकी भरून वाहत राहिली की पाण्याबरोबर वीजही वाहते. पाणी तापवायचा रॉड दीड हजार वॅटचा, अर्ध्या तासात पाऊण युनिट. त्यामानाने टीव्ही, मोबाइल, एलईडी बल्ब यांचं खाणं चिमणीचं. बल्ब बंद कर म्हणून पोरांवर ओरडायचं आणि मोटर वाहू द्यायची, असं बऱ्याच घरांत चालतं.

पंख्याचं मात्र वेगळं सांगतो, कारण तो दिसायला गरीब आणि खायला खादाड आहे. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट घेतो. आता बाजारात बीएलडीसी म्हणून जे पंखे मिळतात, ते तेवढाच वारा तीस-पस्तीस वॅटमध्ये देतात. रोज बारा तास चालणारा एक पंखा बदलला तर महिन्याला सोळा-एक युनिट वाचतात. उन्हाळ्यात ती सोळा युनिट महागाच्या पायरीवरची असतात, म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला दोनशेच्या वर रुपये. पंख्याची किंमत अडीच-तीन हजार. सगळे एकदम बदलू नका. ज्या खोलीत माणसं झोपतात त्या खोलीतला आधी बदला. कूलरच्या गवताच्या ताट्या दर वर्षी बदलल्या आणि समोरची खिडकी उघडी ठेवली, तर तोच कूलर कमी वेळात खोली थंड करतो. आमचं ठाम मत आहे की सोलरवर पहिला रुपया घालण्याआधी ही कामं उरकावीत. नाहीतर गळक्या माठात भरायला आपण मोठी घागर विकत आणतो.

आता छतावर येऊ.

एक किलोवॅटचं सोलर म्हणजे आजच्या मोठ्या पॅनलचे दोन नग, आणि सावली न पडणारी साधारण शंभर चौरस फूट जागा. घरकुल योजनेतलं घर २६९ चौरस फुटांचं असतं, त्याच्या स्लॅबवरही हे बसतं. पॅनलचं तोंड दक्षिणेला हवं आणि उतार वीस अंशांच्या आसपास, कारण आपला जिल्हा त्याच अक्षांशावर आहे. एका किलोवॅटमधून दिवसाला सरासरी साडेतीन-चार युनिट मिळतात. सरासरी म्हणतो, कारण आषाढ-श्रावणात झड लागली की आठ-आठ दिवस सूर्यच दिसत नाही, तेव्हा दोन-अडीचवर भागवावं लागतं.

इथे एक गंमत आहे. आपल्याला वाटतं, मे महिन्यात ऊन सगळ्यात कडक, म्हणजे वीजही सगळ्यात जास्त. तसं होत नाही. पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. पंचवीस अंशांच्या पुढे पॅनल जसजसं तापतं तसतशी त्याची ताकद अंशाला साधारण एक तृतीयांश टक्क्याने उतरते. मेच्या दुपारी पॅनलचा पृष्ठभाग पासष्ट अंशांवर जातो, तेव्हा शंभरातली तेरा-चौदा टक्के वीज उष्णतेतच जाते. म्हणून पॅनल स्लॅबला किंवा टिनाला चिकटवून बसवू देऊ नका. खालून वारा खेळला पाहिजे. तशी उंची ठेवली की आणखी एक फायदा मिळतो. पॅनलच्या सावलीतला स्लॅब कमी तापतो आणि खालची खोली थोडी सुसह्य होते. हा फायदा कोणत्याच जाहिरातीत नसतो, पण दुपारी चुलीपुढे उभी राहणारी बाई तो ओळखेल.

छतावरची वीज घरात लागली तर घरात, नाही लागली तर तारेतून महावितरणकडे जाते. रात्री आपण तिकडून घेतो. दोन्हीकडचं मोजणारं मीटर बसतं, त्याला नेट मीटर म्हणतात. दिलेली युनिट घेतलेल्या युनिटमधून वजा होतात आणि उरलेल्याचंच बिल येतं. एखाद्या महिन्यात आपण जास्त दिली तर ती पुढच्या महिन्यात जमा धरतात. इथवर सगळे एजंट सांगतात. पुढचं बहुतेक जण सांगत नाहीत, ते असं की ही जमा कायमची नसते. ३१ मार्चला हिशेब बंद होतो. तोवर न वापरलेल्या युनिटचे पैसे महावितरण देतं, पण आपण वीज घेतो त्याच्यापेक्षा बराच कमी भाव लावून.

आपल्याकडच्या बाईला हे नीट समजायला हवं, कारण आपलं वर्ष नेमकं उलटं चालतं. कूलर-पंखा बंद असतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. तेव्हा आकाश स्वच्छ, पॅनल भरभरून वीज देतं आणि घरात खर्च कमी. म्हणजे जमा साठते. आणि गरज लागते एप्रिल-मेमध्ये. मधे ३१ मार्चची भिंत उभी. हिवाळ्याची साठवण उन्हाळ्याला पुरत नाही. धान्याची कोठी ऐन गरजेच्या आधी कुणी रिकामी करावी, तसं.

आता एक उदाहरण घेऊ. मानून चालू की एका घरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी महिन्याला ८० युनिट लागतात, मार्चमध्ये १३०, एप्रिलमध्ये १९०, मेमध्ये २२०, जूनमध्ये १८०, आणि जुलै ते ऑक्टोबर महिन्याला ११० ते १२५. वर्षाची बेरीज १५१० युनिट. यातली ३९० युनिट शंभराच्या पायरीच्या वर पडतात. आधी सांगितलेल्या दराने स्थिर आकार आणि शुल्कासह वर्षाचं बिल होतं साधारण साडेचौदा हजार रुपये.

या घराने एक किलोवॅट लावलं. ते वर्षाला तेराशे-सव्वातेराशे युनिट देईल. एप्रिल ते ऑक्टोबर मिळून सव्वातीनशेच्या आसपास युनिट तरीही महावितरणकडून घ्यावी लागतील, पण एकही महिना शंभराच्या पायरीवर जाणार नाही. महागाची सगळी युनिट गेली. नोव्हेंबर ते मार्चमध्ये बिल फक्त स्थिर आकाराचं. वर्षाचा खर्च चार हजारांच्या आसपास येतो, म्हणजे दहा हजारांच्या थोडा वर पैसा वाचला.

आता एजंट म्हणतो, ‘ताई, दोन किलोवॅट लावा, अनुदान दुप्पट मिळते.’ अनुदान दुप्पट मिळतं हे खरं आहे. पण या घरात दुसरा किलोवॅट काय करील? उन्हाळ्या-पावसाळ्यातली ती सव्वातीनशे स्वस्त पायरीची युनिट वाचवील, म्हणजे वर्षाला सव्वादोन हजार रुपये. बाकीची हजारावर युनिट ३१ मार्चला कमी भावात जातील. पहिल्या किलोवॅटने दहा हजार वाचवले, दुसऱ्याने त्याच्या पाव हिश्शाइतके. म्हणून किलोवॅट आपल्या वहीतल्या आकड्यांवरून ठरवायचे. वर्षाची बेरीज बाराशे ते सोळाशे युनिट असेल तर एक, अडीच-तीन हजार असेल तर दोन. घरी पिठाची चक्की किंवा शिलाईची दोन-तीन यंत्रं चालवायचा विचार पक्का असेल, तर ती युनिट मिळवून मग बघा. बिल महिन्याला तीनशेच्या वर जाणारी, दोन फ्रिज आणि एसी असलेली घरं तालुक्याच्या गावात असतात, त्यांना तीन किलोवॅटचा हिशेब जमेल. आपल्यातल्या बहुतेकींना त्याची गरज नाही.

अनुदानाचं नीट ऐका. केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,०००, आणि तीन किंवा त्याहून जास्त कितीही लावले तरी ७८,०००. त्याच्या वर नाही. नावातला ‘मुफ्त’ शब्द आम्हाला खटकतो. वीज फुकट पडते ती पॅनलचे पैसे फिटल्यावर, आणि ते पैसे आधी तुम्हीच उभे करायचे असतात. अनुदान नंतर, पॅनल बसून नेट मीटर सुरू झाल्यावर, थेट बँक खात्यात येतं. एजंट म्हणाला की ‘अनुदान वजा करून उरलेलंच द्या’, तर तो कोणत्या कागदावर तुमची सही घेतो आहे, ते कुणाकडून तरी वाचून घ्या.

ज्यांचा वापर शंभर युनिटच्याही आत आहे, त्यांच्यासाठी आजवर हा सौदा कच्चा होता. महिन्याला साठ युनिट जाळणाऱ्या घराचं सोलरने जास्तीत जास्त चारशे रुपये वाचतात, त्यासाठी पंचवीस-तीस हजार घालणं परवडत नाही. पण २०२५ मध्ये राज्य सरकारने अशाच घरांसाठी ‘स्मार्ट’ नावाची योजना आणली. पूर्ण नाव आहे स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप. त्यात एका किलोवॅटची किंमत ५०,००० रुपये धरली आहे. केंद्राचे ३०,००० आहेतच, वरून राज्य दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला १७,५०० देतं, अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला १५,०००, आणि शंभर युनिटच्या आतल्या बाकीच्यांना १०,०००. म्हणजे स्वतःचे भरायचे अनुक्रमे अडीच हजार, पाच हजार आणि दहा हजार. झरी, केळापूर, घाटंजीकडच्या आमच्या कोलाम आणि गोंड मैत्रिणींनी हे खास लक्षात घ्यावं. अडीच हजारांत महिन्याचे चारशे वाचत असतील तर सहा-सात महिन्यांत पैसा वसूल. एवढा सोपा हिशेब सरकारी योजनेत क्वचित सापडतो. अट एवढीच की घराला आधी मीटर हवं, बिल थकलेलं नको, आणि छत पॅनल पेलणारं हवं.

आता कर्जाचं. आपल्या जिल्ह्यात कर्ज हा शब्द उच्चारतानाही आवाज खाली जातो, त्याची कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. म्हणून जपून बोलतो. सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटपर्यंत सरकारी बँका तारणाशिवाय कर्ज देतात, २०२४ मध्ये त्याचं व्याज साधारण सात टक्क्यांच्या आसपास होतं. ऐकायला छान. पण हप्ता दर महिन्याला असतो, आणि कास्तकाराच्या घरी पैसा दर महिन्याला येत नाही. तो येतो सोयाबीन निघाल्यावर आणि कापसाचे वेचे विकल्यावर. एजंट म्हणतो, ‘बिल वाचलं त्यातच हप्ता जातो.’ कागदावर जातो. पण वाचलेलं बिल म्हणजे हातात आलेली नोट नव्हे. मेमध्ये बिल वाचतं तेव्हा घरात ते भरायलाही पैसे नसतात, मग हप्ता कुठून जाईल? घरात महिन्याचा पगार असेल, अंगणवाडी सेविका असेल, दुकान किंवा दूध असेल, तर हप्ता जमतो. नुसतं कोरडवाहू वावर असेल तर आमचा सल्ला असा की दिवाळी-संक्रांतीच्या मधे, हातात पैसा असताना, स्वतःचा हिस्सा रोख भरा. कमी पडले तर बचत गटातून घ्या. गटात परतफेडीचे महिने आपल्या हंगामाप्रमाणे ठरवता येतात. बँकेत ते जमत नाही. दिवाळीनंतर लावण्याचा आणखी एक फायदा. फेब्रुवारीपर्यंत नेट मीटर चालू झालं, तर पहिलाच उन्हाळा हाती लागतो.

एक मोठा गैरसमज मोडायला हवा. लाइन गेली की सोलर आपोआप घर चालवील, असं बहुतेक जणींना वाटतं. साधं, अनुदानातलं सोलर लाइन गेली की बंद पडतं, भर दुपारीसुद्धा. यात बिघाड काही नाही, ते मुद्दाम तसं केलेलं असतं. समजा खांबावर वायरमन काम करतो आहे, त्याने लाइन बंद केली आहे, आणि तुमच्या छतावरून वीज तारेत जात राहिली, तर त्याच्या जिवावर बेतेल. लाइन नसतानाही चालणारं सोलर मिळतं, पण त्याला बॅटरी लागते. बॅटरी महाग, काही वर्षांनी बदलावी लागते, आणि तिच्यावर हे अनुदान नाही. घरात आधीचा इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर तो तसाच ठेवा, तेवढ्यावर रात्रीचा पंखा निघतो.

शेतातल्या सौरपंपाची योजना आणि ही घरची योजना पूर्ण वेगळ्या आहेत, हेही जाता जाता सांगतो. तिकडचा अर्ज इकडे चालत नाही, आणि पंपाचं पॅनल घराला जोडता येत नाही.

छत कसलं आहे, हा पुढचा प्रश्न. स्लॅब असेल तर काळजी नाही, फक्त बोल्टच्या भोकांतून पाणी उतरणार नाही असं काम करून घ्या. पत्र्याच्या छतावर बसतं, पण खालचे अँगल आणि भिंत बळकट हव्यात. मेअखेरीला जे वादळवारं सुटतं ते नुसते टिन उडवून नेतं, मग पॅनल लावलेल्या टिनाला वारा किती उचलील? कवेलूच्या किंवा धाब्याच्या घरावर मात्र लावू नका, कुणी कितीही गळ घातली तरी. अंगणात लोखंडी मांडव करून त्यावर लावता येतं, पण मग जनावरं, सावली आणि पोरांचा चेंडू, सगळ्यांचा विचार करावा लागतो.

विक्रेता निवडताना तो योजनेच्या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का, एवढं आधी बघा. पॅनल भारतात बनलेलं असावं, ही अनुदानाची अट आहे. स्वस्तात दुसरं बसवलं तर अनुदान अडकतं. पॅनलला पंचवीस वर्षांची हमी असते, पण इन्व्हर्टरची हमी कमी वर्षांची असते आणि आधी बिघडतो तोच, म्हणून त्याच्या हमीचा कागद वेगळा मागा. योजनेत पाच वर्षं देखभाल विक्रेत्यानेच करायची असते. जमिनीतलं अर्थिंग आणि वीजरोधक यांत काटकसर अजिबात करू देऊ नका. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे विजा कशा पडतात, ते शेतात काम करणारीला सांगावं लागत नाही. विक्रेता शक्यतो तालुक्याच्या गावचा असावा. यवतमाळ, पुसद, वणीला दुकान असलेला माणूस तक्रार केली तर सापडतो. दूरच्या शहरातून मोबाइलवर बोलणारा सापडेलच असं नाही. आणि गावात आधी ज्यांनी लावलं आहे, त्यांच्या घरी जाऊन त्यांचं आधीचं आणि नंतरचं बिल शेजारी ठेवून बघा.

लावल्यावर काम फार नाही. पॅनल धुवायचं, पंधरा दिवसांतून एकदा, जिनिंगजवळ किंवा वणीच्या कोळसा पट्ट्यात राहत असाल तर आठवड्याला. पहाटे किंवा सूर्य मावळल्यावरच धुवायचं. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडतात, त्यामुळे शेवटचा हात गोड्या पाण्याचा असावा आणि मऊ कापडाने पुसून घ्यावं. ब्रश, राख, साबण नको. आणि वानरं. त्यांच्यावर कुणाकडेच पक्का इलाज नाही. छतावर वाळवण घालायचं असेल तर पॅनलपासून लांब घाला. कुरडया-पापड बघून वानर उतरलं की ते पॅनलवरूनच पळतं.

सोलर म्हणजे फक्त वीज नव्हे, हेही लक्षात असू द्या. पाणी तापवायला रोज रॉड लागत असेल तर सौर बंब बघा. वीज बनवून त्या विजेने पाणी तापवण्यापेक्षा उन्हाने सरळ पाणी तापवणं कधीही सोपं. चार-पाच माणसांना शंभर लिटरचा पुरतो. आपल्याकडे अजून बरीच घरं पराटीवरच पाणी तापवतात. त्यांच्या लाइट बिलात बंबाने काही फरक पडायचा नाही, पण धूर कमी होईल. गोठ्यात चार-पाच जनावरं असतील तर गोबरगॅसचा विचार वेगळा करा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासेक किलो शेण लागतं आणि एका कुटुंबाचा दोन वेळचा स्वयंपाक त्यावर होतो. त्याने वाचतो तो सिलिंडर, वीज नव्हे, आणि मळी वावरात जाते. छोट्या पवनचक्कीचं कुणी सांगायला आलं तर चहा पाजून परत पाठवा. आपल्या भागात वर्षभर तसा वाराच नाही.

आणि हे काम बायकांना कळणार नाही, असं घरात कुणी म्हणालं तर त्याला वर्धा जिल्ह्याचं नाव सांगा. देवळी तालुक्यातल्या कवठा गावी बचत गटाच्या महिलांनी सोलर पॅनल बनवण्याचा कारखाना उभा केला, मुंबईच्या आयआयटीच्या मदतीने. आपल्याला तर पॅनल बनवायचंही नाही, फक्त हिशेब करून विकत घ्यायचं आहे.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते पैशाने नाही, नावाने. मीटर कुणाच्या नावावर आहे, ते बिलाच्या वरच्या भागात बघा. कितीतरी घरांत ते वारलेल्या सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर तसंच चालू असतं, कारण बिल भरलं की कुणी विचारत नाही. सूर्यघरच्या अर्जात ग्राहक क्रमांक टाकला की तेच नाव येतं, आणि अनुदानाचं बँक खातं त्याच नावाचं हवं. गेलेल्या माणसाच्या खात्यात सरकार पैसे टाकत नाही. एकट्या बाईने घर सांभाळत असताना तर हे काम आधीच करून घ्यावं. ग्रामपंचायतीतून घराचा नमुना आठचा उतारा, मृत्यूचा दाखला, आधार कार्ड आणि बाकीच्या वारसांची संमती घेऊन महावितरणच्या जवळच्या कार्यालयात नावबदलाचा अर्ज द्या आणि पोच घेऊन या. दिराची सही मिळवायला वेळ लागतो, हे आम्हाला माहीत आहे. म्हणूनच दिवाळीची वाट न बघता ते आत्ताच सुरू करा. पुढच्या बिलावर तुमचं नाव छापून आलं की मग वही उघडून किलोवॅट ठरवायला बसू.